नकार कोणाला दिला?

४ एप्रिल २०२५ रोजी बेल्जियन फुटबॉलपटू केव्हिन डी ब्रॉयनेने दहा वर्षांनंतर मँचेस्टर सिटी हा इंग्लिश क्लब सोडत असल्याचे जाहीर केले आणि १२ जूनला तो इटलीतल्या नापोलीचा झाला. मधल्या काळात शिकागो फायर या अमेरिकी क्लबला तो हवा होता, ही गोष्ट लपून राहिलेली नव्हती. तो तिकडे गेला नाही, एवढीच मूळ घटना. पण तिच्यावरून फुटबॉलप्रेमींचे दोन तट पडले ते अजून बुजलेले नाहीत. एक तट म्हणतो, डॉलरला लाथ मारून त्याने खऱ्या फुटबॉलची लाज राखली, कारण अमेरिकेतली लीग म्हणजे पेन्शनरांची वसाहत. दुसरा तट म्हणतो, हा नुसता युरोपीय तोरा आहे. चौतिशीच्या उंबरठ्यावर, दोन्ही मांड्यांचे स्नायू कुरकुरत असताना इटलीत जाऊन बाकावर बसण्यात कसला आला आहे पराक्रम? दोन्ही तटांचे आवाज मोठे आहेत. गंमत अशी, की भांडता भांडता दोघांनीही एकच गृहीतक पक्के धरले आहे: खेळाडूने नकार दिला म्हणजे त्याच्या स्वभावाचा दाखलाच हाती आला, मग तो दाखला शौर्याचा असो वा माजाचा.

मला हे गृहीतकच मान्य नाही. डी ब्रॉयनेचा नकार हा अमेरिकी फुटबॉलवर दिलेला निकाल नाही आणि त्यागही नाही. अंगात उरलेले कसब कोणाला आणि कोणत्या अटींवर विकायचे, याचा एका कसबी माणसाने केलेला तो हिशेब आहे. त्या हिशेबात पैशाइतकीच, कदाचित त्याहून जास्त, महत्त्वाची ठरते ती गोष्ट अमेरिकी लीगच्या नियमांत दडलेली आहे. तिथे खेळाडूचा सौदा क्लबाशी नसून लीगशी होतो, आणि कोणत्या क्लबाने त्याच्याशी बोलावे हे त्याच्या अपरोक्ष आधीच ठरलेले असू शकते. याबद्दल कोणी बोलताना दिसत नाही, कारण स्वभावावर बोलणे सोपे आणि नियमावली वाचणे कंटाळवाणे.

आधी त्यागाच्या कथेचा समाचार घेऊ. ती सांगणाऱ्यांना २०२४च्या जूनमधली डी ब्रॉयनेची मुलाखत सोयीस्करपणे विसरायला झाली आहे. सौदी अरेबियाविषयी विचारल्यावर त्याने आढेवेढे न घेता सांगितले होते, की या वयात सगळ्याच पर्यायांचा विचार करावा लागतो आणि तिथला पैसा अविश्वसनीय आहे. यात वावगे काहीच नव्हते; पण पैशाला तुच्छ लेखणाऱ्या संन्याशाची ही भाषा नव्हे. शिवाय नापोली म्हणजे काही धर्मादाय संस्था नव्हती. प्रशिक्षक अंतोनियो काँतेच्या हाताखाली तो संघ नुकताच इटलीचा विजेता झाला होता, चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेत खेळणार होता, आणि डी ब्रॉयनेचा बेल्जियमच्या संघातला जुना जोडीदार रोमेलू लुकाकू तिथे आधीपासून होता. उत्तम संघ, ओळखीचा माणूस, मोठी स्पर्धा आणि पुरेसा पगार हे सगळे एका ठिकाणी मिळत असेल तर ते घेणे शहाणपणाचे आहे. त्याला हौतात्म्य कशाला म्हणायचे?

आता पेन्शनरांच्या वसाहतीकडे येऊ. हा टोमणा अगदी हवेतून आलेला नाही, हे मान्य केले पाहिजे. १९७५ साली चौतीस वर्षांचा पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडे आला. सांतोसमधून तो निवृत्त झालेला होता आणि पैशाच्या अडचणीत होता. रँडल्स आयलंडवरच्या पहिल्या सामन्यानंतर पायाला हिरवे काहीतरी लागलेले पाहून त्याला बुरशी झाल्याची शंका आली, अशी कथा सांगतात. दूरचित्रवाणीवर मैदान हिरवेगार दिसावे म्हणून उघड्या मातीला रंग फासलेला होता. तेव्हाच्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगचे सगळे वर्मच या रंगात आहे. पुढे बेकेनबाउअर आला, जॉर्ज बेस्ट आला, क्रॉयफ आला. १९७७मध्ये जायंट्स स्टेडियमवर ७७ हजारांहून अधिक लोक एका सामन्याला जमले. त्याच सप्टेंबरात कॉसमॉस कोलकात्याला आले आणि ईडन गार्डन्सवरच्या चिखलात मोहन बागानने त्यांना २-२ असे बरोबरीत रोखले. त्या सामन्याची आठवण सांगणारे लोक आजही भेटतात. आणि १९८४चा मोसम संपला तशी ती लीगही संपली. नावे विकत घेऊन खेळ उभा करता येत नाही, हा धडा अमेरिकेइतका महाग कोणी शिकलेला नाही.

आपणही तो शिकलो आहोत, जरा स्वस्तात. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा पुण्याकडे डेव्हिड ट्रेझेगे आला, मुंबईकडे ल्युंगबर्ग आणि अनेल्का आले, गोव्याकडे रोबेर पिरेस आला, दिल्लीकडे देल पिएरो. बालेवाडीच्या गॅलरीत मी तेव्हा बसलेलो आहे. चेंडू अर्धी रेषा ओलांडून आला, की शेजारचे काका दर वेळी खुर्चीतून अर्धे उठत, कारण तो ट्रेझेगेकडेच जाणार अशी त्यांची खात्री असे. आणि तो तिसरीकडेच गेला, की पुन्हा बसत. त्यांनी तिकीट काढले होते ते १९९८च्या विश्वविजेत्या फ्रान्समधल्या एका खेळाडूचे. समोर खेळत होता त्याच नावाचा सदतिशीतला माणूस. पाच वर्षांत पुण्याचा तो क्लबही मिटला. तेव्हा अमेरिकेला हसण्याचा अधिकार ज्यांना थोडाफार असेल त्यांत आपला नंबर बराच मागे लागतो.

पण १९८४च्या मापाने २०२५ मोजायचे, ही कोणती पद्धत? आजच्या अमेरिकी लीगमधून, म्हणजे मेजर लीग सॉकरमधून, मिगेल अल्मिरोन अटलांटाहून न्यूकॅसलला गेला आणि अल्फोन्सो डेव्हिस व्हँकुव्हरहून बायर्नला जाऊन युरोपचा विजेता झाला. ज्या वसाहतीतून तरणीताठी मुले युरोपात निघतात तिला वृद्धाश्रम म्हणता येणार नाही. २०२५च्या क्लब विश्वचषकात तिथल्या इंटर मायामीने पोर्तुगालच्या पोर्तोला २-१ असे हरवले, मेसीच्या फ्री किकवर. याच मायामीला पुढे पॅरिसच्या संघाने चार गोलांनी लोळवले, हेही तितकेच खरे आहे, आणि दोन्ही निकाल एकत्र वाचले तरच त्या लीगची खरी पातळी कळते: युरोपातल्या मधल्या फळीशी झुंजू शकणारी, शिखराच्या मात्र पुष्कळ खाली. शिवाय अमेरिकेला गेला तो संपला, हे समीकरण इतिहासाने कितीदा तरी खोटे पाडले आहे. इब्राहिमोविच लॉस अँजेलिसहून मिलानला परतला आणि चाळिशीत इटालियन लीग जिंकला. क्रॉयफची गोष्ट तर त्याहून तिखट आहे. वाईट गुंतवणुकीत पैसे बुडाल्यावर १९७९मध्ये तो अमेरिकेला गेला, परत हॉलंडच्या आयाक्सकडे आला, दोन विजेतेपदे मिळवून दिली, आणि आता हा म्हातारा झाला म्हणून आयाक्सने करार वाढवला नाही तेव्हा थेट त्यांच्या हाडवैऱ्याकडे, फेयेनूर्दकडे गेला. १९८४ साली, सदतिसाव्या वर्षी, त्याने फेयेनूर्दला लीग आणि चषक दोन्ही जिंकून दिले. म्हणजे अमेरिकेला हो म्हणणाऱ्याची धार गेलेलीच असते असे नाही.

मग प्रश्न उरतो तो असा: लीग जर इतकी सुधारली असेल, तर खेळायची भूक शिल्लक असलेला माणूस तिला नाही का म्हणतो? इथे अहंकारापर्यंत जाण्याआधी जरा कागदपत्रे पाहावीत.

१५ डिसेंबर १९९५ हा दिवस कोणत्याही व्यावसायिक फुटबॉलपटूने देव्हाऱ्यात ठेवावा असा आहे. ज्याँ-मार्क बोस्मान नावाच्या एका साधारण बेल्जियन मिडफिल्डरचा करार संपला होता, त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जायचे होते, आणि त्याचा लिएजचा क्लब पैसे मिळाल्याशिवाय त्याला सोडायला तयार नव्हता. युरोपीय न्यायालयाने त्या दिवशी निकाल दिला, की करार संपला म्हणजे संपला. युरोपीय संघातला खेळाडू संघातल्याच दुसऱ्या देशातल्या क्लबाकडे जात असेल, तर जुन्या क्लबाला त्याच्या जाण्याची किंमत मागता येणार नाही. बोस्मानच्या स्वतःच्या वाट्याला त्या लढ्यातून फारसे सुख आले नाही, पण त्याच्यानंतरची प्रत्येक पिढी त्याच्या जिवावर जगते. त्या दिवशी डी ब्रॉयने चार वर्षांचा होता. तीस वर्षांनी दुसरा एक बेल्जियन मिडफिल्डर जुन्या करारातून मोकळा होऊन, आपल्या जाण्याचे मोल जुन्या मालकाला न देता, ज्याच्याशी हवे त्याच्याशी बोलून इटलीला जाऊ शकला, त्याची पायवाट तिथून निघते.

आता दुसरीकडे पाहा. बोस्मानच्या निकालानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९९६मध्ये, मेजर लीग सॉकरचा पहिला सामना झाला; आणि ही लीग अगदी उलट तत्त्वावर बांधलेली होती. तिथले संघ स्वतंत्र कंपन्या नसून एकाच संस्थेची अंगे आहेत, मालक म्हणजे त्या संस्थेचे भागीदार, आणि खेळाडूचा करार असतो तो लीगच्या नावाने. खेळाडूंनी याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि २००२ साली अपिलातही ते हरले. संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. ती मोडून मोठा पगार द्यायचा तर त्यासाठी संघागणिक तीन जागा राखलेल्या असतात. बेकहॅम २००७मध्ये आला तेव्हा त्याच्यासाठी ही सोय काढली गेली. २०२५मध्ये मेसीला त्यांतून सुमारे दोन कोटी डॉलर मिळत होते, आणि त्याच्या शेजारी धावणाऱ्याला त्याच्या कितीतरी पट कमी. इथवर निदान हिशेब सरळ आहे.

खरी गोम पुढच्या नियमात आहे. लीगबाहेरच्या एखाद्या खेळाडूवर डोळा असेल तर क्लब त्याचे नाव एका यादीत टाकून ठेवतो, तिला 'डिस्कव्हरी लिस्ट' म्हणतात, आणि मग त्याच्याशी बोलण्याचा पहिला हक्क त्या क्लबाचा. खेळाडूला विचारण्याची गरज नाही. शोध लावला म्हणे! बॅलन द'ओर या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्काराच्या यादीत वर्षानुवर्षे झळकणाऱ्या माणसाचा शोध लावणे म्हणजे शनिवारवाड्याचा शोध लावण्यापैकी आहे. डी ब्रॉयनेच्या नावावर हा हक्क इंटर मायामीने बजावून ठेवलेला होता आणि त्याच्यासाठी झटत होते शिकागो. दुसऱ्या क्लबाने ठरावीक किमान रक्कम देऊ केली, तर हक्क धरून बसलेल्या क्लबाने एक तर ती घ्यावी नाही तर खेळाडूला स्वतः प्रामाणिक देकार द्यावा, अशी पळवाट नियमात आहे. म्हणून ही भिंत अभेद्य आहे असे मी म्हणणार नाही. पण भिंत नसली तरी टोलनाका आहेच.

हे तर्कट वाटत असेल तर जर्मनीच्या टोमास म्युलरचे उदाहरण घ्या. डी ब्रॉयनेची घोषणा झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ५ एप्रिलला, बायर्न म्युनिकनेही पंचवीस वर्षे आपल्याकडे काढलेल्या म्युलरला नवा करार मिळणार नसल्याचे जाहीर केले. दोघांचीही गत एकच: घरच्यांनी दार लावून घेतले. आपल्याला वर्षभरात एकही देकार आला नाही याचे थोडे आश्चर्य वाटले, असे डी ब्रॉयने नंतर मोकळेपणाने बोलला. म्युलरला जायचे होते याच लीगमध्ये खेळणाऱ्या कॅनडातल्या व्हँकुव्हरला, व्हँकुव्हरलाही तो हवा होता. पण त्याचे नाव यादीत लिहून ठेवले होते सिनसिनाटीने. शेवटी व्हँकुव्हरने सिनसिनाटीला किमान तीन लाख डॉलर मोजले, पगारमर्यादा सैल करण्यासाठी लीग क्लबांना जे पैसे वाटते त्यांतून, आणि मग म्युलर कॅनडात उतरला. बोस्मानच्या तीस वर्षांनंतर, करारातून पूर्ण मुक्त असलेल्या पस्तीस वर्षांच्या माणसाच्या जाण्याचे पैसे एका तिसऱ्याच क्लबाने घेतले, ज्या क्लबासाठी त्याने कधी बूटही बांधले नव्हते.

याला उत्तर आहे, आणि ते दुबळे नाही. लीगचे समर्थक म्हणतात, ही जाचक रचना नसती तर लीगच नसती. आधीची लीग मालकांच्या आपापसातल्या चढाओढीत बुडाली. २००२ साली याही लीगला फ्लोरिडातले दोन संघ बंद करावे लागले होते. सगळ्यांनी खिसे एकत्र बांधले म्हणून तीस संघांपर्यंत मजल गेली. हे मी मान्य करतो. बुडालेल्या जहाजातून वाचलेला माणूस पुढची नाव दोरखंडांनी जखडूनच बांधणार. परंतु बेकहॅमला नवा संघ काढण्याचा हक्क अडीच कोटी डॉलरला मिळाला होता आणि २०२५मध्ये मैदानात उतरलेल्या सॅन दिएगोने प्रवेशासाठी ५० कोटी डॉलर मोजले. दाराशी एवढी रक्कम घेऊन उभे राहणारे मालक असताना आपण अजून पाळण्यातच आहोत असे म्हणत राहणे शोभत नाही. लीगने आता मोसमाचे वेळापत्रकही २०२७पासून युरोपाच्या धर्तीवर वळवायचे ठरवले आहे. खेळाडूच्या निवडीचे स्वातंत्र्य मात्र त्या धर्तीत बसलेले दिसत नाही.

डी ब्रॉयने केवळ या यादीमुळे गेला नाही, असा माझा दावा नाही. माणसाच्या मनात शिरण्याचा परवाना माझ्याकडेही नाही, आणि त्या परवान्याशिवाय चाललेल्या चर्चेवरच तर माझा आक्षेप आहे. माझे म्हणणे एवढेच, की ज्या बाजारात आपण कोणाशी बोलायचे हेही आपल्या हातात नाही, त्या बाजाराकडे पाठ फिरवणाऱ्याला गर्विष्ठ म्हणण्याआधी दहा वेळा विचार करावा.

शिकागोच्या चाहत्यांची तक्रार मला या सगळ्यांत अधिक खरी वाटते. मोसमाचे तिकीट काढलेल्या माणसाला दोन महिने आशेवर ठेवायचे आणि मग नाव दुसरीकडे गेले असे सांगायचे, यात त्याचा कोणता दोष? त्यातून २०२६चा विश्वचषक मुख्यतः अमेरिकेतच. अशा वेळी असा माणूस आपल्या गावात खेळावा ही इच्छा अगदी रास्त आहे. पण शिकागोने हा प्रयोग आधी करून पाहिलेला आहे. २०१७मध्ये विश्वविजेता बास्टियान श्वाइनस्टायगर तिथे आला, त्या वर्षी संघ वर चढला, प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत गेला, आणि पुढची दोन वर्षे तो असतानाच प्लेऑफच्या बाहेर राहिला. तिथून प्लेऑफची पुढची पायरी गाठली गेली ती २०२५मध्ये, म्हणजे डी ब्रॉयने ज्या वर्षी आला नाही त्याच वर्षी. त्या मोसमात शिकागोचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू योगायोगाने बेल्जियनच होता, ह्यूगो कायपर्स. सव्विसाव्या वर्षी आलेला, पोस्टरवर ज्याचा चेहरा पाहून युरोपात कोणी थांबणार नाही असा. क्लबाच्या मालकाने याच काळात शहरात नवे स्टेडियम बांधायला स्वतःचे पैसे काढायचे जाहीर केले. डी ब्रॉयनेच्या नकाराने शिकागोचे नेमके काय बुडाले?

राहिला सर्वांत कठीण आक्षेप, देहाचा. नापोलीला जाऊन त्याने काय मिळवले, असे विचारणाऱ्यांच्या हातात दोन तारखा आहेत. पहिली १८ सप्टेंबर २०२५. चॅम्पियन्स लीगच्या पहिल्याच सामन्यात नापोली मँचेस्टरला आले; आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले. घरच्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद करून मी बसलो होतो. एतिहादवर, म्हणजे सिटीच्या मैदानावर, त्याचे स्वागत झाले, आणि एकविसाव्या मिनिटाला नापोलीचा कर्णधार दि लोरेंझो लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. दहा माणसांत बचाव सावरायचा म्हणजे कोणाला तरी काढणे आले. सव्विसाव्या मिनिटाला बाजूच्या फलकावर त्याचा ११ हा आकडा उजळला. दहा वर्षे ज्या गवतावर त्याने राज्य केले तिथून तो चालत बाहेर आला, आणि उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे विरुद्ध बाजूचे, म्हणजे त्याचेच लोक होते. दुसरी तारीख २५ ऑक्टोबर. इंटर मिलानविरुद्ध त्याने पेनल्टी मारली, चेंडू जाळ्यात गेला आणि त्याच क्षणी त्याचा हात उजव्या मांडीमागे गेला. गोल साजरा करायला धावलेले सोबती जागीच थबकले. स्नायू फाटला होता; शस्त्रक्रिया झाली आणि दीर्घ विश्रांती नशिबी आली. पाहा, आम्ही सांगत नव्हतो? शिकागोत असता तर असे झाले नसते.

झाले नसते कशावरून? २०२३च्या ऑगस्टमध्ये, बर्नलीविरुद्धच्या सामन्यात, सिटीकडे असतानाही हीच मांडी गेली होती आणि जानेवारीपर्यंत तो बाहेर होता. पेनल्टी शिकागोतही मारावीच लागते. आणि अमेरिकेतले फुटबॉल सौम्य असेलही, पण तिथला प्रवास सौम्य नाही. व्हँकुव्हर ते मायामी हे अंतर मुंबईहून दिल्लीला जाऊन, परत येऊन, पुन्हा दिल्ली गाठण्याहून अधिक आहे, आणि काही मैदानांवर पायाखाली खरे गवतही नसते. दुसरे असे, की निर्णयाची पारख निकालावरून करायची नसते. पाऊस पडला म्हणून छत्री न नेणारा मूर्ख आणि नाही पडला म्हणून शहाणा, असा न्याय आपण शेजाऱ्याला लावत नाही. खेळाडूला मात्र बिनदिक्कत लावतो.

या न्यायाच्या मुळाशी आपल्याकडे मुरलेले एक वचन आहे. 'का?' असे लोक विचारतात तेव्हा निवृत्त व्हावे, 'का नाही?' असे विचारेपर्यंत थांबू नये, हे विजय मर्चंटांच्या नावावर सांगितले जाणारे वाक्य मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या प्रत्येकाने ऐकलेले असते. वाक्य देखणे आहे. पण मर्चंटांचा शेवटचा कसोटी सामना आठवा: १९५१, दिल्ली, इंग्लंडविरुद्ध १५४ धावा, आणि त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला. म्हणजे 'का?' या प्रश्नाची वेळ त्यांनी एकट्याने निवडली नव्हती, थोडी खांद्यानेही निवडली होती. शिवाय या वचनात सोय कोणाची पाहिली जाते? प्रेक्षकांची. आपल्या मनातली मूर्ती तडकू नये म्हणून मूर्तीने वेळेवर विसर्जित व्हावे. बालगंधर्व उतारवयातही स्त्रीभूमिका करत राहिले म्हणून हळहळणारे पुष्कळ होते, पण ती हळहळ गंधर्वांपेक्षा स्वतःच्या तरुणपणाबद्दल अधिक होती, असा मला दाट संशय आहे. गाणाऱ्याला गावेसे वाटते, आणि ज्याने पोरवयापासून तेच एक काम केले त्याला पायात जीव असेतो ते सर्वांत अवघड ठिकाणी करून पाहावेसे वाटते. त्यात मूर्तिभंजन शोधणाऱ्याने मूर्ती मुळात स्वतःच घडवली होती हे विसरू नये.

पैसा आणि मान यांची अशी गाठ बांधायची सवय जुनी आहे. १९५२ साली विनू मंकड लँकेशायर लीगमध्ये हॅसलिंग्डनचे व्यावसायिक खेळाडू होते. इंग्लंडच्या दौऱ्यावर आपली निवड नक्की असल्याची खात्री द्या, मी करार सोडतो, एवढेच त्यांचे मागणे होते. ते कोणी दिले नाही, तेव्हा ते पोटापाण्याच्या करारावर कायम राहिले. पहिली कसोटी भारत हरला. मग हॅसलिंग्डनची मनधरणी करून मंकडांना लॉर्ड्ससाठी सोडवून आणले आणि त्यांनी ७२ व १८४ धावा काढल्या, शिवाय एका डावात ७३ षटके टाकून पाच बळी घेतले. त्या सामन्याला आजही 'मंकडांची कसोटी' म्हणतात. तोच माणूस, तेच हात; मे महिन्यात पैशामागे गेलेला आणि जूनच्या अखेरीस देशाचा तारणहार. स्वभाव तेवढ्यात पालटला होता काय?

डी ब्रॉयने आणि म्युलर यांच्याकडे मी असेच पाहतो. एकाने नाही म्हटले आणि सव्विसाव्या मिनिटाला बाहेर यावे लागण्याचा, पेनल्टी मारता मारता कोसळण्याचा धोका पत्करला. दुसऱ्याने हो म्हटले, पहिल्याच मोसमात कॅनडाचा चषक जिंकला, आणि ६ डिसेंबरला लीगच्या अंतिम सामन्यात मेसीच्या मायामीकडून १-३ असा हरला. सामना गांभीर्याने खेळला गेला, बागेत फिरायला आलेल्या आजोबांसारखा नव्हे. या दोघांत कोण शूर आणि कोण पोटार्थी हे ठरवायला बसलेल्यांनी खुशाल बसावे. सिनसिनाटीच्या खात्यावर मात्र टोमास म्युलरच्या नावाचे तीन लाख डॉलर तेव्हाच जमा झाले आहेत.